प्रात्यक्षिक कोणाच्या हातचे?

(मुंबईच्या आरे वसाहतीत शिक्षक, अंगणवाडी सेविका, बचत गटांच्या कार्यकर्त्या आणि ठाणे व पालघर जिल्ह्यांतून आलेले पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर.)



‘शहरात स्वयंपाकाचा चांगला वर्ग कसा शोधावा’ हा विषय माझ्याकडे आला, तेव्हा घरच्या मंडळींना हसू आवरले नाही. अठ्ठावीस वर्षे माध्यमिक शाळेत गृहविज्ञान शिकवलेल्या बाईने निवृत्तीनंतर क्लासांच्या जाहिरातींवर व्याख्यान द्यावे, याची त्यांना गंमत वाटली. विषय हलकाफुलका आहे, हे मलाही मान्य आहे. पण आपल्यासमोर तो मांडताना तो तितका हलका राहत नाही. कारण आपण स्वतःपुरता वर्ग शोधणारे नाही, दुसऱ्यांसाठी वर्ग निवडणारे आहोत. पंचायतीच्या महिला व बालकल्याणाच्या रकमेतून गावातील पंधरा भगिनींना शहरात प्रशिक्षणासाठी पाठवायचे, तर त्या कोणत्या वर्गाला जातील हे सदस्य ठरवतात. दहावीनंतर पुढे काय, असे विचारणाऱ्या मुलामुलींना शिक्षक वाट दाखवतात. वर्गाची निवड चुकली, तर खर्ची पडलेली रक्कम कागदोपत्री कारणी लागलेली दिसते. जी बाई चार दिवसांचा रोज बुडवून आलेली असते, ती मात्र तशीच रिकाम्या हाताने परतते. या रिकाम्या हाताविषयी आज बोलावे असे मी ठरवले आहे.

आपल्या भाषेत एक शब्द फार फसवा आहे. तो म्हणजे ‘प्रात्यक्षिक’. कोणत्याही पाककृती वर्गाचे पत्रक पाहा, ‘सर्व पदार्थ प्रात्यक्षिकासह शिकवले जातील’ असे त्यात हमखास छापलेले असते. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण प्रात्यक्षिक म्हणतो, तेव्हा विद्यार्थ्याने स्वतः परीक्षानळी हातात धरणे आपल्याला अभिप्रेत असते. त्याची परीक्षा होते, गुण मिळतात. पाककृतीच्या वर्गात मात्र याच शब्दाचा अर्थ पुष्कळदा नेमका उलटा होतो. बाई करतात आणि बाकीच्या पाहतात, यालाही प्रात्यक्षिकच म्हणतात. पत्रक लिहिणारा खोटे बोलत नसतो. वाचणारा मात्र आपल्याला हवा तो अर्थ घेऊन फी भरून मोकळा होतो. म्हणून माझे पहिले सांगणे असे की, चौकशीला गेल्यावर ‘प्रात्यक्षिक आहे का?’ असे विचारूच नये. ‘प्रात्यक्षिक कोणाच्या हातचे?’ असे विचारावे.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी उपनगरातील एका वर्गात मी पाव आणि बिस्किटे शिकण्यासाठी नाव घातले. शिक्षिकेचीच ही अवस्था, असे आपण म्हणाल. पण भट्टीचे काम आमच्या अभ्यासक्रमात नावालाच होते आणि घरी तंदूर नुकताच आणलेला होता. वर्गात पस्तीस खुर्च्या, समोर एक टेबल, टेबलावर कलता आरसा, म्हणजे मागच्यांनाही परात दिसावी. शिकवणाऱ्या बाई आपल्या कामात तरबेज होत्या यात शंका नाही. त्यांच्या हाताखाली पीठ असे वागे, जणू ते आज्ञाधारक मूल आहे. आम्ही भराभर वहीत उतरवून घेत होतो. शेवटी कागदी बशीतून प्रत्येकीला पावाचा एकेक तुकडा मिळाला. तो इतका हलका झाला होता की पैसे वसूल झाल्याचे समाधान घेऊन आम्ही घरी गेलो.

घरी माझा पाव विटेसारखा झाला. दुसऱ्यांदा केला, तेव्हा विटेपेक्षा थोडा बरा झाला. वर्गात जाऊन विचारले तर, ‘कृती नीट वाचा, प्रमाण चुकले असेल,’ असे उत्तर मिळाले. प्रमाण चुकलेले नव्हते, मळणे कमी पडत होते. पीठ पुरेसे मळले गेले की त्याचा छोटा गोळा बोटांनी हळूहळू ताणता येतो, त्याचा पातळ पडदा होतो आणि तो चटकन फाटत नाही. ही खूण मला पुढे एका बेकरीतील कारागिराने सांगितली. सांगितली म्हणजे काय, माझा गोळा माझ्याच हातात ताणून दाखवला, फाटला तेव्हा ‘अजून’ एवढेच म्हणाला आणि निघून गेला. त्या एका शब्दाने जे काम केले, ते पस्तीस खुर्च्यांच्या वर्गाने केले नव्हते. आरशात पीठ दिसते, पण त्याचा ताण कळत नाही.

आता आपण जिथे जमलो आहोत त्या जागेकडे वळते. आरे दुग्ध वसाहत १९४९ साली उभी राहिली. मुंबईच्या गल्लीबोळांतील अस्वच्छ गोठे शहराबाहेर न्यावेत आणि शहराला स्वच्छ दूध मिळावे, या हेतूने दारा खुरोडी यांनी ही योजना आकाराला आणली. पुढे १९६३ साली त्यांना त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्यासह मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुमारे १,२८७ हेक्टर जमीन, तीसहून अधिक युनिटे आणि सोळा हजारांच्या आसपास जनावरे, असा हा पसारा होता. अॅल्युमिनियमच्या पातळ झाकणाच्या काचेच्या बाटल्या आणि दूध केंद्रासमोर भल्या पहाटे लागणाऱ्या रांगा आपल्यापैकी ज्येष्ठांना आठवत असतील. याच वसाहतीतील दुग्धशास्त्र संस्थेत तरुणांनी दुग्धव्यवसायाची पदविका घेतली. दुधाची परीक्षा पुस्तकावरून होत नाही, हे तिथे शिकलेल्या कोणालाही विचारावे. यंत्राने स्निग्धांश मोजण्याआधी दूध नाकाने आणि जिभेने पारखावे लागते, आणि ती सवय रोज करूनच लागते.

तबेला जवळ असल्याचा आणखी एक लाभ इथल्या घरांना मिळत आला आहे, तो म्हणजे चीक. खरवस हा पदार्थ मला आजच्या विषयासाठी फार मोलाचा वाटतो. म्हैस व्याल्यावर पहिल्या दिवसाचा चीक अतिशय दाट असतो, दुसऱ्या दिवशी तो सैल पडतो, तिसऱ्या दिवशी आणखी. चिकातील प्रथिने उष्णतेने आपोआप घट्ट होतात, त्यासाठी विरजण लागत नाही की पीठ लागत नाही. पण त्यात दूध किती मिसळायचे हे कोणी कागदावर लिहून देऊ शकत नाही. कारण आपल्या भांड्यात पडलेला चीक कोणत्या वेळचा आहे, तबेल्यातच त्यात दूध मिसळले गेले आहे का, हे कागदाला ठाऊक नसते. दूध कमी पडले तर खरवस रबरासारखा होतो, जास्त झाले तर थरथरत राहतो आणि सुरी लावताच फुटतो. जाणती बाई आधी वाटीभर मिश्रण वाफेवर ठेवून पाहते, बोटाने दाबते, मग उरलेल्यात दूध वाढवते किंवा तसेच ठेवते. ही वाटी म्हणजेच प्रात्यक्षिक. ज्या वर्गात ही वाटी शिकणारणीच्या हातात दिली जाते, तो वर्ग चांगला. (रेडकाचे पोट भरल्यावर जो उरतो तोच चीक घ्यावा, हे मी विद्यार्थिनींना आवर्जून सांगत असे. तेही स्वयंपाकाच्याच शिक्षणात येते असे माझे मत आहे.)

वसाहतीच्या पोटात आदिवासी पाडे आहेत. सत्तावीस पाडे असे आपण नेहमी ऐकतो. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी अशी कुटुंबे दूध योजनेच्या कितीतरी आधीपासून इथे राहत आली आहेत. पहिल्या पावसाच्या सुमारास पाड्यांवरच्या बाया शेवळे, टाकळा, कुर्डू, कंटोली अशा रानभाज्या पाट्यांतून विकायला आणतात. शेवळ्यांच्या जुड्या आणि त्यांच्याबरोबर हिरवी आंबट काकडे दिसली की गोरेगावातील जुनी माणसे पावसाळा आला असे समजतात. ही काकडे म्हणजे आपली कोशिंबिरीची काकडी नव्हे. काकड नावाच्या झाडाची ती आवळ्याहून लहान फळे असतात.

शेवळ्यांनी मला दुसरा धडा दिला, आणि तो पावापेक्षा जास्त झोंबला. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरांत शेवळ्यांची कणी सोडे किंवा खिमा घालून करतात आणि तिची ख्याती मोठी आहे. एका पुस्तकातली कृती पाहून मी ती करायला घेतली. पुस्तकात ‘शेवळे निवडून बारीक चिरून घ्यावीत’ एवढेच होते. लेखिकेच्या घरी निवडणे म्हणजे काय हे लहानपणापासून सर्वांना माहीत असल्यामुळे तिला अधिक लिहिण्याचे कारण वाटले नसावे. मी पालेभाजी निवडावी तशी ती निवडली आणि रात्री घरातील चार माणसे घसा धरून बसली. शेवळ्यात सुरणाप्रमाणेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. ते जिभेला आणि घशाला टोचतात, त्यालाच आपण खाजणे म्हणतो.

दुसऱ्या वर्षी मी पुस्तक घरी ठेवले आणि शेवळी विकणाऱ्या आजींपाशीच बसले. ‘आजी, मला निवडायला शिकवाल का?’ असे विचारले, तर त्या म्हणाल्या, ‘शिकवायचं काय त्यात, बाई? हात लाव की!’ तळहाताला आधी तेल चोळायला लावले. वरची आवरणे सोलायची, आतला दांडा मोकळा करायचा, त्यावरचा पिवळा भाग काढून टाकायचा. मी पहिली दोन शेवळी साफ केली, ती त्यांनी मुकाट्याने माझ्यासमोरच परत ठेवली. पिवळा भाग थोडा राहून गेला होता. तिसऱ्याला त्या काही बोलल्या नाहीत, तेव्हा ते जमले असे मी समजले. मग काकडे ठेचून त्यांचे पाणी काढणे, शेवळी तेलावर भरपूर परतणे, आंबट पाणी घालून शिजवणे आणि वाढण्याआधी जिभेच्या टोकाला थोडेसे लावून पाहणे, हे सारे त्यांनी बसल्या जागी तोंडी सांगितले. सांगितलेले मी विसरले असते. परत ठेवलेली दोन शेवळी मात्र विसरले नाही.

अलीकडे कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव जिल्ह्याजिल्ह्यांत भरू लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. पण तिथेही लोक भाजी पाहतात, चव घेतात, विकत नेतात. निवडायला बसणारा क्वचितच दिसतो. रानभाजीच्या बाबतीत हा फरक जिवावरही बेतू शकतो, कारण खाण्याजोग्या पाल्यासारखी दिसणारी न खाण्याजोगी पाने पावसाळ्यात शेजारीच उगवतात. छायाचित्रावरून ओळख पटवण्याचा उद्योग कोणीही करू नये, आणि जाणत्या माणसाशिवाय कोणत्याही वर्गाने मुलांना रानात नेऊ नये. शिवाय शेजारच्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून काही तोडून आणणे कायद्याने निषिद्ध आहे, याची आठवण शिक्षकांनी ठेवलेली बरी.

आपण म्हणाल, मग पुस्तके निरुपयोगी आहेत का? मुळीच नाही. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० साली प्रसिद्ध झाले, तेव्हा माहेर-सासर सोडून शहरात एकट्याने संसार मांडणाऱ्या बायकांना शेजारी विचारायला कोणी नव्हते. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० पासून वाटी-चमच्याचे प्रमाण घरोघर पोचवले. त्या आधी ‘अंदाजाने मीठ’ हाच नियम होता. अमेरिकेत बोस्टनच्या पाकशाळेच्या फॅनी फार्मर यांनी १८९६ च्या आपल्या पुस्तकात सपाट भरलेल्या चमच्याचा आणि पेल्याचा आग्रह धरला होता, तोही याच गरजेपोटी. प्रमाण पुस्तकाने द्यावे, खूण मात्र हाताने घ्यावी, अशी ही वाटणी आहे. चांगल्या वर्गात दोन्ही असते. शिकवणाऱ्या बाई प्रमाण लिहून देतात आणि मग ‘आज हवा दमट आहे, पाणी थोडे कमी घ्या’ असेही सांगतात.

मुंबईसारख्या शहरात शोध कुठून सुरू करावा, याविषयी थोडे सांगते. ज्यांना पोटापाण्यासाठी शिकायचे आहे, त्यांनी आधी सार्वजनिक संस्थांकडे पाहावे. दादरची केटरिंग संस्था १९५४ साली लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने सुरू झाली. देशातील या प्रकारची ती पहिली संस्था मानली जाते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये ‘फूड प्रॉडक्शन’ हा व्यवसाय शिकवला जातो आणि त्यात मुलाला खरोखर भट्टीसमोर उभे राहावे लागते. वरळीला १९६७ साली देशातले पहिले श्रमिक विद्यापीठ निघाले. कामगारांनी आणि त्यांच्या घरच्यांनी कामाच्या वेळा सांभाळून काही कसब शिकावे, हा त्यामागचा विचार होता. या विद्यापीठांनाच २००० पासून जन शिक्षण संस्थान हे नाव मिळाले. पोषणाच्या अंगाने शिकायचे असेल, तर जुहूच्या आवारातील श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठाचे गृहविज्ञान महाविद्यालय आहे. ज्यांना केवळ घरच्यासाठी शिकायचे आहे, त्यांना या वाटा लांबच्या पडतील. त्यांनी घरगुती वर्गांकडे जावे, त्यात कमीपणा काही नाही. तरला दलाल यांनी १९६६ साली आपल्या घरीच वर्ग घ्यायला प्रारंभ केला होता, आणि पुढे २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मोठे नाव किंवा घरगुती जागा यावरून मात्र निर्णय करू नये. जाऊन पाहावे. केव्हा जावे, तर तास संपण्याच्या वेळी. सुरुवातीला सर्वच वर्ग नीटनेटके दिसतात. तास संपताना ओट्यावर काय आहे, शिकणारणींच्या हाताला पीठ लागलेले आहे की पेनाची शाई, मोरीत भांडी किती आहेत आणि ती कोण घासत आहे, हे पाहावे. जिथे शिकणारणी स्वतः भांडी घासतात, तिथे त्यांनी स्वतः काहीतरी शिजवलेले असते. पस्तीस जणींत एक शेगडी असेल, तर बाकी चौकशी करण्याचे कारण नाही. चौघींत एक शेगडी असेल, तर पुढचा प्रश्न विचारावा, चौघींत फोडणी कोण घालते? प्रत्येक वेळी तीच एक धीट बाई पुढे होत असेल आणि तिघी कांदाच चिरत असतील, तर तेही पाहणेच झाले. शिकवणाऱ्या बाईंना हे लक्षात येते का, आणि त्या पाळी बदलतात का, हे अर्धा तास कोपऱ्यात बसल्यावर कळते. अर्धा तास बसू देत नाहीत, तो वर्ग सोडावा.

फीमध्ये साहित्य धरले आहे की घरून आणायचे, हेही विचारून घ्यावे. साहित्य वर्गाचे असेल तर काही ठिकाणी ते पुरवून पुरवून वापरतात आणि चूक करायला वावच राहत नाही. स्वयंपाकात चूक झाल्याशिवाय हात बसत नाही. करपलेली फोडणी, फाटलेले दूध, तुटणारी चकली. चकली तुटली तर मोहन जास्त झाले की पीठ कोरडे राहिले, हे तुटलेली चकली समोर ठेवूनच शिकवता येते. जो वर्ग एका दिवसात बारा पदार्थ शिकवतो तो पत्रकात भरगच्च दिसतो. मला विचाराल तर एकच पदार्थ दोनदा करायला लावणारा वर्ग मी निवडीन. पहिल्यांदा होते ती नक्कल, आणि दुसऱ्या खेपेला पहिल्या वेळी काय चुकले ते आठवून हात चालतो.

सिलिंडर कुठे ठेवला आहे, नळी जुनी झाली आहे का, दार उघडे राहते का, हेही बघावे. इतक्या साध्या गोष्टीकडे पाहुणे म्हणून गेल्यावर आपले लक्ष जात नाही.

शाळांतून अन्न शिजवणाऱ्या भगिनी आज इथे आहेत, म्हणून त्यांच्या अडचणीवर थोडे अधिक बोलते. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शाळांतून मुलांना शिजवलेले अन्न द्यावे असा आदेश दिला, आणि तेव्हापासून गावोगावच्या कितीतरी बायका रोज शेकडो मुलांचा स्वयंपाक करू लागल्या. त्यांना शिकण्यासाठी पाठवताना आपण पुष्कळदा चार माणसांच्या कुटुंबाचा स्वयंपाक शिकवणाऱ्या वर्गात पाठवतो. चार माणसांची खिचडी पन्नासने गुणली की दोनशे मुलांची खिचडी होत नाही. मोठ्या पातेल्यातून वाफेने जाणारे पाणी त्या मानाने कमी असते, म्हणून पन्नासपट तांदळाला पन्नासपट पाणी घातले की गिचका होतो. तिखट आणि मीठही त्याच पटीत घातले तर मुले पहिला घास घेऊन ताट सारतात. आच बंद केल्यावरही मोठे भांडे बराच वेळ आतून शिजत राहते. तळ लागला तर वरचे अन्न न ढवळता दुसऱ्या भांड्यात काढावे लागते, आणि ते दोघींनी मिळून कसे उचलायचे, पदर कुठे खोचायचा, हेदेखील शिकण्याचे विषय आहेत. हे शिकवणारी उत्तम व्यक्ती म्हणजे दुसऱ्या शाळेत दहा वर्षे हेच काम केलेली बाई. अशा बाईच्या स्वयंपाकघरात चार दिवस हाताखाली काम करणे, हा माझ्या मते सर्वांत चांगला वर्ग आहे. त्याला पत्रक नसते.

इथे एक तक्रार मांडल्यावाचून राहवत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही पाच-सहा जणींनी मिळून शाळकरी मुलामुलींसाठी पाड्यावरच्या आजींकडून रानभाज्यांचा एक वर्ग घेण्याचे ठरवले. आजींना मानधन मिळावे म्हणून एका कार्यालयाकडे अर्ज केला. त्या अर्जात प्रशिक्षकाची शैक्षणिक पात्रता असा रकाना होता. तो रिकामा राहिल्यामुळे अर्ज परत आला. ‘त्याऐवजी तुम्हीच शिकवा, तुमची पदवी आहे,’ असे मला सुचवण्यात आले. म्हणजे जिने दोन शेवळी चुकीची सोलली तिला मानधन, आणि जिने ती परत ठेवली तिला नाही. शेवटी आम्ही आपसात वर्गणी काढली. मानधन पाकिटात घालून दिले, तेव्हा आजींनी ते मोजले नाही. ‘पोरांनी भाजी निवडली, ती नेऊ का घरी?’ एवढेच विचारले. रकाना आखणाऱ्यांचा हेतू वाईट असतो असे मी म्हणत नाही, कोणालाही पैसे वाटले जाऊ नयेत म्हणूनच तो असतो. पण या सभेत अधिकारीवर्ग उपस्थित आहे, म्हणून विनंती करते की, त्या रकान्याशेजारी ‘अनुभव’ असा आणखी एक रकाना असावा आणि तो गावातील पाच जाणत्यांच्या सहीने भरता यावा.

हा प्रश्न नवा नाही. गिरणगावातील खानावळवाल्या बायका वर्षानुवर्षे गिरणी कामगारांना डबे पुरवीत होत्या. घरच्या एका शेगडीवर पंधरा-वीस माणसांचे दोन वेळचे जेवण वेळेवर काढणे, हे केवढे कसब! पण त्यांच्याजवळ कागद नव्हता, म्हणून बँकेच्या लेखी त्या कोणीच नव्हत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि या बायकांना कर्जासाठी बँकेच्या दारात उभे केले. पुढे त्याच चळवळीतून अन्न तयार करून विकण्याची कामे आणि प्रशिक्षणही उभे राहिले. शिकवणाऱ्या कोण, तर ज्या इतकी वर्षे करत आल्या होत्या त्याच.

प्रमाणपत्राला मी कमी लेखत नाही. ज्या मुलीला हॉटेलात नोकरी करायची आहे तिला ते लागेल, आणि ज्या गटाला पदार्थ विकायचे आहेत त्याला २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागेल. विक्रीसाठी शिकवणाऱ्या वर्गाने ही नोंदणी, वेष्टनावर लिहायचा मजकूर आणि पदार्थ किती दिवस टिकतो याची परीक्षा, एवढे शिकवलेच पाहिजे. लोणचे चार महिन्यांनी कसे दिसते, हे शिकवण्यासाठी वर्गात चार महिन्यांपूर्वीची बरणी ठेवलेली असावी लागते. बरणी आहे का, असे विचारून पाहा. ज्यांच्याकडे ती असेल, त्या ती हौसेने काढून दाखवतील.

वेळ बराच झाला. शेजारच्या खोलीत सहा शेगड्या मांडून ठेवल्या आहेत आणि आज पहाटे तबेल्यातून आलेला चीक तिथे पातेल्यात आहे. तो पहिल्या दिवसाचा आहे असे गवळीभाऊंनी सांगितले आहे, पण वाटी लावून पाहिल्याशिवाय मी त्यावर विश्वास ठेवणार नाही. एका शेगडीपाशी चौघांनीच यावे. पुरुषमंडळींनीही यावे, पंचायत सदस्यांनी तर अवश्य यावे. हात धुण्यासाठी बादली बाहेर ठेवली आहे, आणि भांडी घासण्यासाठी राख व काथ्या तिच्या शेजारीच आहे.